मोजायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा: प्रोग्रॅम काउंटरविषयी वाचकांचे प्रश्न

ब्रेडबोर्डवर स्वतःचा संगणक जोडणाऱ्या वाचकांची या वेळी निवडलेली सगळी पत्रे प्रोग्रॅम काउंटरविषयी आहेत. मेमरीतील कोणत्या पत्त्यावरची सूचना आता वाचायची, एवढेच हा भाग लक्षात ठेवतो. दर सूचनेमागे तो एकाने वाढतो, उडीची, म्हणजे दुसऱ्याच पत्त्यावर जाण्याची, सूचना आली की बसवरून (सगळ्या भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांवरून) नवा आकडा उचलतो आणि मागितला तर आपला आकडा बसवर ठेवतो. काम इतके साधे असूनही बिघाडांच्या पत्रांत त्याचा क्रमांक वरचा लागतो. एकदोन पत्रे सोडली, तर तक्रारीचे मूळ काउंटर काय मोजतो यात नसून तो कोणत्या क्षणी मोजतो यात आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे संगणक चार बिटांच्या पत्त्यांचा, म्हणजे १६ बाइट मेमरीचा, आणि चिपा ५ व्होल्टवर चालणाऱ्या एलएस कुळातील (नावात "एलएस" असलेल्या) आहेत असे धरले आहे.

प्रश्न: माझ्याकडे ७४एलएस७६ च्या दोन चिपा आहेत. त्यांतील चार जेके फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे घटक) एकापुढे एक जोडल्यावर ० ते १५ मोजणी व्यवस्थित होते. तरीही प्रोग्रॅम काउंटरसाठी ७४एलएस१६१ ही तयार काउंटरची चिपच घ्यावी, असा आग्रह का धरला जातो?

उत्तर: आपण जोडला आहे तो तरंगत जाणारा काउंटर आहे. त्यात पहिल्या फ्लिप-फ्लॉपचे आउटपुट दुसऱ्याचा क्लॉक, म्हणजे ठोके देणारी रेषा, बनते, दुसऱ्याचे तिसऱ्याचा, आणि प्रत्येक टप्प्यावर काही नॅनोसेकंद खर्च होतात. ७ वरून ८ वर जाताना काय घडते ते पाहा. ०१११ असताना ठोका पडला की प्रथम शेवटचा बिट उलटतो आणि आकडा ०११० होतो. मग ०१००, मग ००००, आणि सर्वांत शेवटी १०००. म्हणजे ७ आणि ८ यांच्या मध्ये आपला काउंटर ६, ४ आणि ० या पत्त्यांवरून धावत जातो. एलईडीकडे पाहणाऱ्या डोळ्याला हे कधीच दिसणार नाही, पण मेमरीच्या चिपला ते दिसते. पत्ता स्थिर होईपर्यंत कोणी काही वाचले वा लिहिले नाही तर बिघडत नाही, आणि ठोका सेकंदाला एक असेल तर वेळ भरपूर असतो; म्हणून आपली मोजणी "व्यवस्थित" दिसते.

१६१ मध्ये चारही फ्लिप-फ्लॉपना एकच क्लॉक मिळतो. कोणता बिट उलटायचा याचा निर्णय ठोक्याआधीच आतल्या गेटांनी घेतलेला असतो, त्यामुळे चारही आउटपुट जवळजवळ एकाच वेळी बदलतात. तरीही माझ्या मते १६१ घेण्याचे खरे कारण हे नव्हे. खरे कारण आहे उडी. प्रोग्रॅम काउंटरला बाहेरून आकडा भरता आला पाहिजे, तोही ठोक्याच्या कडेवरच, म्हणजे क्लॉकची पातळी बदलते त्या क्षणी. ७६ मध्ये बाहेरून एक वा शून्य भरण्यासाठी प्रीसेट आणि क्लिअर या पिन आहेत, पण त्या क्लॉकला जुमानत नाहीत. त्या वापरून उडी बसवायची तर प्रत्येक बिटासाठी वेगळी गेटे लागतात आणि वेळेचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो. १६१ मध्ये नवव्या पिनवरचा लोड शून्य केला की पुढच्या चढत्या कडेला ३ ते ६ या पिनांवरचा आकडा जसाच्या तसा आत जातो. त्या वेळी मोजणी चालू ठेवलेली असली तरी लोडचेच ऐकले जाते.

शिकण्यासाठी ७६ चा काउंटर एकदा जरूर बांधावा. मात्र ७६ ला वीज पाचव्या पिनवर आणि ग्राउंड तेराव्या पिनवर लागतो. सवयीने सोळाव्या आणि आठव्या पिनला जोडणाऱ्यांनी या चिपा बऱ्याच तापवल्या आहेत, आणि त्यांत मीही आहे.

प्रश्न: माझा काउंटर ० ते १५ बरोबर मोजतो. पण उडी विचित्र पडते. ६ आणि ९ या पत्त्यांवर उडी अचूक जाते, ३ वर सांगितली तर १२ वर जाते, १ वर सांगितली तर ८ वर. ढिल्या तारेचा संशय घेऊन सगळ्या तारा बदलल्या, तरी फरक नाही.

उत्तर: ढिली तार इतकी शिस्तशीर चूक करत नाही. आपण दिलेले आकडे द्विमान पद्धतीत लिहा. ३ म्हणजे ००११ आणि १२ म्हणजे ११००. १ म्हणजे ०००१ आणि ८ म्हणजे १०००. प्रत्येक वेळी बिटांचा क्रम उलटा झाला आहे. ६ म्हणजे ०११० आणि ९ म्हणजे १००१ हे आकडे कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच राहतात, म्हणून त्यांच्याबाबत चूक लपून राहिली. ० आणि १५ सुद्धा बरोबर जातील. २ वर उडी मारून पाहा, काउंटर ४ वर जाईल, आणि ५ दिल्यावर १० वर.

मोजणी बरोबर असल्याने आउटपुटकडची जोडणी निर्दोष आहे. घोळ बसकडून १६१ कडे येणाऱ्या चार तारांत आहे. या चिपच्या डाव्या बाजूला ३, ४, ५, ६ या पिनांवर ए, बी, सी, डी ही इनपुटे आहेत आणि ए हा सर्वांत लहान किमतीचा बिट आहे. उजव्या बाजूला त्याचे आउटपुट चौदाव्या पिनवर आहे आणि मग आकडा उतरत डीचे आउटपुट अकराव्यावर येते. चिप समोर धरली तर दोन्ही बाजूंना वरून खाली ए पासून डी हाच क्रम असतो, पण पिनांचे आकडे एकीकडे चढतात आणि दुसरीकडे उतरतात. कागदावर केवळ पिनांचे आकडे लिहून तारा लावणारा इथे हमखास फसतो. आपणही जुन्या तारा काढून त्याच आराखड्यावरून नव्या लावल्या असणार, म्हणून चूकही जशीच्या तशी परत बसली. तिसऱ्या पिनला बसचा सर्वांत लहान बिट जोडा.

यानंतर तपासणीसाठी ६ किंवा ९ कधीच वापरू नका. १, २, ४ आणि ८ या चार पत्त्यांवर एकेक उडी मारली की चारही तारांची स्वतंत्र परीक्षा होते.

प्रश्न: मोजणी थांबवता यावी म्हणून मी क्लॉक आणि "मोज" ही नियंत्रणरेषा अँड गेटमधून नेऊन गेटचे आउटपुट १६१ च्या क्लॉकला दिले आहे. हाताने एकेक ठोका दिला तरी काउंटर कधीकधी दोन पावले पुढे जातो.

उत्तर: हाताने ठोका देताना प्रथम बटणाचाच संशय घ्यावा, कारण बटणाचे धातूचे पाते एका दाबात अनेकदा आपटून उसळते आणि काउंटर ती प्रत्येक उसळी मोजतो. ५५५ टायमरचे एकस्पंदी सर्किट किंवा दोन नँड गेटांचा लॅच मध्ये घातला की ते थांबते. पण आपल्या मांडणीत याहून खोल दोष आहे.

अँड गेटमधून येणारा क्लॉक हा आता शुद्ध क्लॉक राहिलेला नाही. क्लॉक वर असताना "मोज" ही रेषा क्षणभर जरी खाली जाऊन वर आली, तरी गेटच्या आउटपुटवर एक नवी चढती कड तयार होते आणि काउंटर ती ठोका समजून मोजतो. नियंत्रणरेषा ईईप्रॉममधून (नियंत्रणाचा तक्ता साठवलेल्या मेमरीच्या चिपमधून) येत असतील, तर पत्ता बदलताना तिची आउटपुटे स्थिर होण्याआधी थोडा वेळ वेडीवाकडी हलतात. सूचनेच्या पायऱ्या मोजणारा आपला दुसरा काउंटर मुख्य क्लॉकच्या चढत्या कडेलाच पुढे सरकत असेल, तर ही हालचाल नेमकी क्लॉक वर असताना होते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला असा की क्लॉक थेट दुसऱ्या पिनला द्यावा, मध्ये काहीही नको. थांबवण्यासाठी चिपमध्येच सातव्या पिनवर ईएनपी आणि दहाव्या पिनवर ईएनटी या दोन परवानगीच्या पिन आहेत. दोन्ही वर असतील तरच चढत्या कडेला मोजणी होते. कडेच्या आधी सुमारे २० नॅनोसेकंद त्या स्थिर असल्या म्हणजे पुरे. त्यापूर्वी त्या कितीही थरथरल्या तरी काउंटरला त्याचे सोयरसुतक नसते. दुसरा उपाय म्हणजे पायऱ्या मोजणाऱ्या काउंटरला इन्व्हर्टरमधून उलटा केलेला क्लॉक द्यावा. मग नियंत्रणरेषा उतरत्या कडेला बदलतात आणि पुढच्या चढत्या कडेपर्यंत त्यांना स्थिर व्हायला मोकळा वेळ मिळतो.

प्रश्न: ७४एलएस१६१ मिळाली नाही म्हणून ७४एलएस१६३ लावली. पिना सारख्याच आहेत. आता क्लॉक थांबलेला असताना रीसेट दाबले तर काउंटर शून्यावर येत नाही.

उत्तर: दोन्ही चिपांत एवढाच फरक आहे. १६१ ची पहिली पिन खाली ओढताच आउटपुट शून्य होतात. १६३ मध्ये तीच पिन खाली असताना चढती कड आली तरच शून्य होतात. बटण दाबून धरून एक ठोका द्या, काउंटर शून्यावर येईल. थांबण्याच्या सूचनेने क्लॉकच बंद होत असेल, तर त्याच रीसेटने सूचनेचे रजिस्टरही (चालू सूचना धरून ठेवणारा भाग) तत्काळ पुसले गेले पाहिजे, म्हणजे थांबण्याची रेषा सुटेल, क्लॉक चालू होईल आणि १६३ ला हवी ती कड मिळेल. १६० आणि १६२ याही बाहेरून अशाच दिसतात, पण त्या ९ नंतर शून्यावर जातात, तेव्हा चिपवरचा शेवटचा आकडा नीट वाचून घ्यावा.

प्रश्न: कोणत्याही पत्त्यावर उडी सांगितली तरी काउंटर १५ वरच जातो.

उत्तर: मग लोडच्या क्षणी बसवर कोणीच बोलत नाही, असे समजा. एलएस कुळातील मोकळे इनपुट सामान्यतः "एक" असे वाचले जाते, आणि चारही बिट मोकळे असले की ११११, म्हणजे १५. उडीच्या पायरीत सूचनेच्या रजिस्टरचा खालचा अर्धा भाग बसवर यायला हवा. त्याला बसशी जोडणाऱ्या वा बसपासून तोडणाऱ्या ७४एलएस२४५ या चिपची एकोणिसावी पिन त्या पायरीत खाली जाते का आणि पहिल्या पिनवरची दिशा बरोबर आहे का, ते मीटरने पाहा.

मोकळी बस शून्य वाचली जावी म्हणून प्रत्येक रेषेला १० किलोओहमचा रोध ग्राउंडकडे लावण्याची पद्धत आहे. एलएस चिपांबरोबर तिच्यावर भिस्त ठेवू नये. एलएसच्या इनपुटमधून शून्य पातळीला ०.४ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह बाहेर येऊ शकतो. एवढा प्रवाह १० किलोओहममधून गेला तर त्यावर ४ व्होल्ट उभे राहतात, आणि ४ व्होल्ट म्हणजे काही शून्य नव्हे. प्रत्यक्षात चिपा याहून कमी प्रवाह सोडतात म्हणून ही युक्ती अनेकांकडे चालून जाते, पण एका बसवर अशी पाचसहा इनपुटे लटकली की ती दगा देते.

याच वाचकाने पुढे विचारले आहे की काउंटरच्या आउटपुटांना एलईडी थेट लावल्यापासून २४५ कधीकधी चुकीचा बिट का पुढे पाठवते. रोधाशिवाय लावलेला लाल एलईडी आउटपुटला २ व्होल्टच्या आसपास ओढून ठेवतो, आणि "एक" म्हणून ओळखले जाण्यासाठी पुढच्या एलएस इनपुटला किमान २ व्होल्ट लागतात. म्हणजे आपला "एक" उंबरठ्यावर उभा आहे. प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रोध लावा. उजेड थोडा मंद होईल, पण आकडा खरा राहील. पुढची चिप एचसी कुळातील असेल तर अडचण आणखी वाढते, कारण तिला ५ व्होल्टवर सुमारे ३.५ व्होल्ट लागतात आणि एलएस फक्त २.७ व्होल्टची हमी देते. तिथे एलएसच्या पातळ्या ओळखणाऱ्या एचसीटी कुळातील चिप घ्यावी.

प्रश्न: उडीच्या सूचनेत हव्या त्या पत्त्याच्या एक अलीकडचा पत्ता द्यावा लागतो का?

उत्तर: नाही. सूचना वाचतानाच काउंटर एकाने वाढलेला असतो, आणि उडी त्या वाढलेल्या आकड्यावर नवा आकडा लिहिते. पुढची सूचना बरोबर त्याच पत्त्यावरून वाचली जाते. आपल्याकडे एकाचा फरक पडत असेल, तर उडीनंतरच्या एखाद्या पायरीत "मोज" चुकून चालू राहिले आहे.

प्रश्न: पत्ते ८ बिटांचे करण्यासाठी मी दोन १६१ जोडल्या आणि खालच्या चिपची पंधरावी पिन वरच्या चिपच्या ईएनटीला दिली. मोजणी सलग सोडली तर सगळे ठीक. पण खालचा आकडा १५ असताना काउंटर थांबला, तर वरची चिप प्रत्येक ठोक्याला एकटीच पुढे पळते.

उत्तर: आपण "मोज" ही रेषा फक्त खालच्या चिपच्या ईएनपीला दिली असणार आणि वरच्या चिपची ईएनपी कायमची ५ व्होल्टला बांधली असणार. पंधराव्या पिनवरचा हातचा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: चारही आउटपुट एक असणे आणि ईएनटी वर असणे. ईएनपीचा त्यात काहीही वाटा नाही. त्यामुळे खालची चिप १५ वर थांबवली तरी तिचा हातचा वरच राहतो, वरच्या चिपला दोन्ही परवानग्या मिळतात आणि ती धावत सुटते. सूचनेच्या पाच पायऱ्यांपैकी मोजणी एकाच पायरीत होते, तेव्हा १५ वर काउंटर दर वेळी चार ठोके थांबतो. तेवढ्यात वरचा आकडा चार घरे सरकलेला असतो. "मोज" दोन्ही चिपांच्या ईएनपीला द्या, किंवा ती खालच्या चिपच्या ईएनटीला द्या म्हणजे थांबल्यावर हातचाही खाली जाईल. मला पहिली रीत अधिक स्वच्छ वाटते. हातच्याची पिन वरच्या चिपच्या क्लॉकला मात्र कधीही जोडू नये, नाहीतर पहिल्या प्रश्नातला तरंगणारा काउंटर मागच्या दाराने परत येतो.

काउंटर ८ बिटांचा झाल्यावर उडीची सूचनाही बदलावी लागेल, हे आपल्या पत्रात आलेले नाही. एका बाइटात चार बिट सूचनेचे आणि चार पत्त्याचे असतील, तर त्यात ८ बिटांचा पत्ता मावत नाही. उडी दोन बाइटांची करावी लागते: पहिल्यात सूचना, दुसऱ्यात पत्ता. सूचना वाचून झाल्यावर काउंटर दुसऱ्या बाइटाकडेच बोट दाखवत असतो, म्हणून पुढच्या पायरीत काउंटरचा आकडा पत्त्याच्या रजिस्टरमध्ये (मेमरीला पत्ता देणाऱ्या भागात), आणि त्यानंतरच्या पायरीत मेमरीतला बाइट बसवरून थेट काउंटरमध्ये, एवढे पुरते. सशर्त उडीत अट पूर्ण झाली नाही तर लोडऐवजी एकदा "मोज" द्यायला विसरू नका. नाहीतर काउंटर दुसऱ्या बाइटावरच राहील आणि संगणक पत्त्यालाच सूचना समजून ती पाळू लागेल.

प्रश्न: एखादा उपक्रम (पुन्हा पुन्हा वापरायचा सूचनांचा गट) दोन ठिकाणांहून बोलावून परत जिथल्या तिथे येता येईल का? माझा काउंटर ४ बिटांचाच आहे.

उत्तर: येईल, आणि त्यासाठी लागणारा निम्मा भाग आपल्याकडे आधीच आहे. काउंटरचा आकडा २४५ मधून बसवर ठेवता येतो. तो फक्त पत्त्याच्या रजिस्टरनेच उचलावा असा नियम नाही.

परतीचा पत्ता कुठे ठेवायचा, यावर यंत्रांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. १९६५ च्या पीडीपी-८ या संगणकात तो उपक्रमाच्या पहिल्याच शब्दात लिहिला जाई आणि काम त्यापुढच्या शब्दापासून सुरू होई. इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या चिपमध्ये काउंटर १२ बिटांचा होता आणि परतीचे तीन पत्ते चिपमध्येच राहत. १९७५ ची ६५०२ ही चिप परतीचे पत्ते मेमरीतील स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी निघणाऱ्या चळतीत, ठेवते. गंमत अशी की ती परतीचा खरा पत्ता न ठेवता त्याहून एकाने कमी आकडा ठेवते आणि परतताना त्यात एक मिळवते.

आपल्याकडे १६ बाइटांत स्टॅक मांडण्याइतकी ऐसपैस जागा नाही, म्हणून परतीच्या पत्त्यासाठी एकच ७४एलएस१७३ लावा. ते चार बिटांचे रजिस्टर आहे आणि त्याचे आउटपुट बसपासून सोडवता येतात, त्यामुळे वेगळी २४५ लागत नाही. बोलावण्याच्या सूचनेत, नेहमीच्या वाचनानंतर, पहिल्या पायरीत काउंटरचा आकडा बसवर आणि १७३ मध्ये. वाचतानाच एक वाढलेला असल्याने हा पुढच्या सूचनेचाच पत्ता असतो. दुसऱ्या पायरीत सूचनेच्या रजिस्टरमधला पत्ता बसवर आणि काउंटरचा लोड खाली. परतण्याच्या सूचनेत एकच पायरी लागते: १७३ बसवर, काउंटरचा लोड खाली. बोलावण्याच्या सूचनेतील दोन हालचाली एकाच पायरीत उरकण्याचा मोह टाळा, कारण एका वेळी बसवर एकच आकडा असू शकतो. उपक्रमातून दुसरा उपक्रम बोलावला तर पहिला परतीचा पत्ता पुसला जाईल, हीच या मांडणीची मर्यादा.

दोन नव्या नियंत्रणरेषा लागतील: १७३ मध्ये घेण्याची आणि १७३ मधून देण्याची. दोन ईईप्रॉमच्या १६ रेषा आधीच भरल्या असतील, तर बसवर आकडा ठेवण्याच्या सगळ्या रेषा एकत्र करा. त्यांतील एका वेळी एकच चालू असते, म्हणून तीन बिटांत त्यांचा क्रमांक लिहून ७४एलएस१३८ ने तो उलगडता येतो. तीन रेषांतून आठ निवडी मिळतात, आणि १३८ ची निवडलेली रेषा खाली जाते. २४५ आणि १७३ ला आउटपुट उघडण्यासाठी नेमके तेच हवे असते. आठांपैकी एक निवड "कोणीही नाही" यासाठी राखून ठेवा.